जांभळ्या सापळ्याचे नाना

नाना अंगावर बसलेला डास कधीच मारत नसत. हात तसाच पुढे धरून बघत राहायचे आणि तो उडाला की म्हणायचे, "जेवी गया बिचारा." आरोग्य खात्यात जन्मभर काचेच्या नळीने डास पकडून ते निवृत्त झाले होते.

अमळनेरजवळच्या त्यांच्या गावात मी एमएस्सीच्या प्रबंधासाठी जायचे. रात्री चावणारे किडे धरायला दोन सापळे होते, एक पांढऱ्या दिव्याचा, एक जांभळ्या. दिव्याखाली छोटा पंखा, त्याखाली जाळीची पिशवी. कशात जास्त सापडतात, एवढंच बघायचं होतं. जांभळा आमच्या सरांनी बनवलेला, म्हणून नानांच्या लेखी तो माझा. एक सापळा म्हशींच्या गोठ्यात, दुसरा विहिरीपाशी. गोठ्यात किडे जास्तच येणार, म्हणून जागा रोज बदलायच्या. संध्याकाळी कुठला सापळा कुठे, याच्या चिठ्ठ्या लावून मी अमळनेरची शेवटची एसटी पकडायचे. टांगायचं काम नानांचं.

मी इंग्रजी शाळेतली. मराठी बोलताना अडखळते, म्हणून गप्पच असायचे. "ताई, तू बोलस कमी, लिखस जास्ती," असं ते चिडवायचे. जांभळ्याचा आकडा वाढला की मात्र स्वतः चहा टाकायचे.

एका सकाळी मला लवकरची गाडी मिळाली. चिठ्ठीप्रमाणे जांभळा विहिरीपाशी हवा होता. नाना तो गोठ्यातून सोडवत होते.

"नाना, हा इथे?"

"रोजच इठे ऱ्हास," ते ओशाळले. "तुना सापळा हारी ऱ्हायंता. माले काही पटनं नई."

तीन आठवड्यांच्या नोंदी वाया गेल्या होत्या. पुन्हा करायला वेळ नव्हता. पाऊस थांबला की मी धुळ्याला परतायचं, पाहुणे बघायला येणार, हे बाबांनी ठरवून टाकलं होतं. सरांना सांगावं तर नानांची मान खाली, न सांगावं तर माझं काम खोटं. पाच दिवस मी तेच आकडे कळवत राहिले. सर फोनवर ऐकून खूश होते.

सहाव्या दिवशी नानांनीच वही ओढून घेतली. "हाई खोटं संगे लई जाशी का?" पानापानावर तिरपी रेघ मारून त्यांनी खात्यातल्या सुबक अक्षरात लिहिलं, 'सापळ्यांच्या जागा बदलल्या नाहीत. चूक माझी.' खाली सही.

मग मी बाबांकडे पहिल्यांदाच काही मागितलं. एक महिना.

"पाहुण्यांना काय सांगू? पोरगी डास मोजतेय?" बाबांनी फोन ठेवला.

आता मी धुळ्यात, देवपूरच्या घरी आहे. लग्नाच्या ब्लाउजची मापं देऊन झाली. सापळे नाना एकटेच टांगतात आणि सकाळी वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. जागा आलटून पालटून, खाली सही. काल एक ओळ जास्त होती, 'आजही जांभळा हरला, ताई. मी मध्ये पडलो नाही.'

खोडलेली पानं आणि हे पान, दोन्ही मी सरांना पाठवली. फोटोतून ती ओळ कापली नाही.