मार्फत प्राची

“मॅडम, पोस्टकार्डवर पत्ता नेमका कुठल्या बाजूला लिहायचा?”

काउंटरच्या जाळीपलीकडे एक मुलगी उभी होती. हातात कार्डांचा गठ्ठा, पाठीवर लॅपटॉपची बॅग. शनिवार, बाराचा सुमार, पासबुकं घेऊन बसलेल्या आजोबांची रांग, आणि त्यात हिचा हा प्रश्न. मी चष्म्यावरून बघितलं.

“आधी कधी पत्र पाठवलंयस का?”

“नाही. पण रोहनने व्हिडिओ बघितलाय.”

मागे उभ्या असलेल्या रोहनने मान डोलावली. मी गठ्ठा हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. बावीस कार्डं, सगळी लिहून झालेली. पत्त्याच्या जागेवरही मजकूर घुसलेला. पिनकोड एकावरही नाही. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता काय, तर ‘फ्लायओव्हरखाली, पिलर नंबर नऊ.’

“हे काय आहे?”

“तिथे राहणाऱ्या लोकांची पत्रं आहेत. घरी पाठवायची आहेत.”

तेव्हा मी परळ भागातल्या एका छोट्या पोस्ट ऑफिसची सब-पोस्टमास्तर होते. म्हणजे नावाला साहेब, पण माणसं कमी, त्यामुळे काउंटरवर बसण्यापासून शिक्के मारण्यापर्यंत सगळं मीच. रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं. पत्रं तर केव्हाच आटली होती. येतात ती बँकेची, विम्याची आणि कोर्टाची. हाताने लिहिलेली बावीस कार्डं एकदम बघून किती वर्षं झाली होती, मलाच आठवेना. म्हणून मी त्यांना हाकललं नाही. आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि विचारलं, “आता नीट सांगा.”

प्राची सांगायला लागली. नायगाव-दादरची ही सात-आठ पोरं. कुणी कॉलेजात, कुणी नुकतंच नोकरीला लागलेलं. दर रविवारी सकाळी फ्लायओव्हरखाली पोहे आणि चहा घेऊन जायची. पगारातून, पॉकेटमनीतून जमेल तसं घालायची. पावसाळ्याआधी ब्लँकेटं वाटायला गेली, तर एका म्हाताऱ्याने ब्लँकेट परत केलं. म्हणाला, “बाय, माका तीन गावली. ह्या नको. एक पत्र लिवशीत?”

तो वामन मेस्त्री. कुडाळकडचा. तीस वर्षं एका ऑफिसच्या कँटीनमध्ये आचारी होता आणि रात्री तिथल्याच टेबलांवर झोपायचा. बिल्डिंग पाडायला घेतली तसं कँटीन गेलं, आणि कँटीनबरोबर झोपायची जागाही. गावी मोठी बहीण, तिला तो अक्का म्हणायचा. तिला अकरा वर्षं काही कळवलं नव्हतं. कोणत्या तोंडाने कळवणार? अक्काकडे फोन नाही. वामनच्या डोळ्यांत मोतीबिंदू, लिहिता येत नाही. त्याचं कार्ड प्राचीने लिहिलं. ते बघून पिलर नऊपासून पिलर चौदापर्यंत सगळेच म्हणायला लागले, आमचंही लिहा.

वामनच्या कार्डावर दोनच वाक्यं होती. ‘मी बरा आहे. तू कशी आहेस ते कळव.’

“याचं उत्तर आलं तर पोस्टमन ते पिलरला देणार का?” मी विचारलं.

“का नाही? पिलरवर नंबर आहे.”

“अगं, नंबर आहे, पण माणूस तिथे राहील का? उद्या गाडी आली, उठवलं, की हा गेला माटुंग्याला. पोस्टमन काय पिलरच्या हातात पत्र देईल?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मी ड्रॉवरमधून कोरी कार्डं काढली. “परत लिहा. आणि नावाखाली एक शब्द घाला. मार्फत.”

“म्हणजे केअर ऑफ?”

“तेच. ज्याला स्वतःचा पत्ता नाही, त्याचं पत्र दुसऱ्याच्या नावावर येतं. पोस्टमन त्या दुसऱ्या माणसाला देतो. पुढे पोचवायची जबाबदारी त्याची.”

हा शब्द मला खात्यात येण्याआधीपासून पाठ होता. मी नायगावच्या बीडीडी चाळीतली. आईची खानावळ होती, आमच्याच दहा बाय बाराच्या खोलीत. खेड-दापोलीकडचे अकरा गिरणीवाले दोन वेळा जेवायला यायचे. झोपायचे कुठे, तर ज्याला जिथे जागा मिळेल तिथे. कुणी गॅलरीत, कुणी गच्चीवर. मग त्यांची पत्रं येणार कुठे? सगळी ‘मार्फत यशोदाबाई तांबे’. आई ती घड्याळामागे खोचून ठेवायची. रात्री ताटं वाढली की मी एकेक काढून मोठ्याने वाचायचे. तेव्हा मी चौथीत होते. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोराला गोवर आला, सगळ्या चाळीला ठाऊक. एकदा एकाच्या बायकोने खरमरीत विचारलं होतं, ‘ही यशोदाबाई कोण लागते तुमची?’ अकराच्या अकरा जण हसले. आई भाकरी थापता थापता मला म्हणाली, “लिही, मावशी लागते.” त्या दिवसापासून सगळे तिला मावशीच म्हणायला लागले. आई गेली तेव्हा त्यातले चार जण गावाहून आले होते.

तर मी प्राचीला म्हटलं, “मार्फत कुणाचं नाव घालायचं?”

“माझं घाला.”

“पत्ता कायमचा लिही हां. बदलणारा नको.”

तिने बावीस वेळा लिहिला. मार्फत प्राची जाधव, चाळ नंबर चौदा, खोली सत्तावन्न, नायगाव. मी पिनकोड शोधून दिले, बावीस कार्डं तपासली, स्वतःच्या हाताने शिक्के मारले. चौदा नंबर म्हणजे आमच्या सहा नंबरच्या समोरच्या रांगेत. वाचूनच बरं वाटलं.

इथेच माती खाल्ली. पण ते कळायला सहा आठवडे गेले.

दर शनिवारी प्राची यायची. “मॅडम, काही आलं?”

“तुझ्या घरी येईल. माझ्याकडे कसं येईल?”

“घरी तर काहीच येत नाही.”

पहिल्यांदा मी म्हटलं, थांब, टपालाला वेळ लागतो. दुसऱ्यांदा म्हटलं, गावाकडे लोक लगेच लिहीत नाहीत. चौथ्यांदा जरा शहाणपणाच केला. म्हटलं, “हे बघ, पत्र पोचवणं आपल्या हातात असतं. उत्तर देणं समोरच्याच्या हातात. अकरा वर्षांनी कुणाला आठवण काढावीशी वाटत नसेल.”

पाचव्या शनिवारी आली तेव्हा तिने विचारलंच नाही. म्हणाली, “वामनकाका आधी लांबूनच विचारायचे, माजा पत्र इला काय. गेल्या रविवारी विचारलं नाही. पोहेपण घेतले नाहीत. म्हणाले, अक्का मेली असतली, नायतर मी तिका मेलंय.”

मला वाईट वाटलं. पण माझी काही चूक आहे, हे तेव्हाही डोक्यात आलं नाही.

पुढच्या बुधवारी निखिल टेबलाशी आला. निखिल म्हणजे आमचा नवा पोस्टमन, भरती होऊन जेमतेम आठ महिने झालेले. नायगावची बीट त्याची. बीट म्हणजे पोस्टमनचा ठरलेला भाग. पत्र देता आलं नाही, तर का नाही, ते पोस्टमन त्यावर लिहितो. त्याला शेरा म्हणतात.

“मॅडम, शेरा काय मारू? ‘सोडून गेले’ मारू की ‘असा पत्ता नाही’?”

“माणसं सोडून गेली असतील तर सोडून गेले.”

“माणसं गेलीत, पण चाळच नाही ना. चौदा नंबर पाडली. पत्रा मारलाय.”

मी त्याच्या हातातलं कार्ड ओढून घेतलं. जळगावचा शिक्का. मार्फत प्राची जाधव. चाळ नंबर चौदा.

आता सांगते काय झालं होतं. रीडेव्हलपमेंटमध्ये चाळ रिकामी झाली, जाधवांचं घर सात महिन्यांपूर्वी भोईवाड्याला भाड्याच्या खोलीत गेलं. नव्या जागेवर टपाल पाठवा असा अर्ज त्यांनी दिला होता, त्याची मुदतही संपली. हे सगळं प्राचीला ठाऊक होतं. पण मी म्हटलं ‘कायमचा पत्ता’, आणि शाळेच्या पहिल्या फॉर्मपासून तिने कायमचा पत्ता म्हणून जे लिहिलं, तेच हाताने लिहिलं. डोकं भोईवाड्याला आणि हात अजून चाळीत. ती बावीस वर्षांची, तिचं सोडा. माझं काय? चौदा नंबर रिकामी झाल्याचं मला ऑफिसच्या कागदावर कळलेलं होतं. सही माझीच होती. तरी तो पत्ता वाचताना एकदाही खटकला नाही, कारण माझ्याही मनात ती चाळ उभीच होती. समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसत होते मला. डोंबलाची सब-पोस्टमास्तर.

“याआधी किती आली अशी?”

“सहा-सात. शेरा मारून पाठवली. पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता त्यावर.”

पाठवणाऱ्याचा पत्ता असेल तर पत्र त्याच्याकडे परत जातं. नसेल तर ते एका वेगळ्या ऑफिसात जातं, जिथे वाली नसलेली पत्रं गोळा होतात. तिथे काही दिवस ठेवतात, मग नष्ट करतात. साध्या पोस्टकार्डाला कोण विचारतो?

निखिलचा ड्रॉवर उपसला. आणखी दोन सापडली. वामनचं नव्हतं.

त्या ऑफिसात माझी बॅचमेट होती, देसाई. फोन लावला.

“देसाई, नायगाव चौदा नंबरची कार्डं आली असतील तुझ्याकडे. बाजूला काढ.”

“तांबे, माझ्यापुढे डोंगर आहे पत्रांचा.”

“म्हणून तर तुला सांगतेय. मार्फत प्राची जाधव. माझी चूक आहे गं, निस्तरायला मदत कर.”

इतक्या वर्षांत मी चूक कबूल केल्याचं तिने पहिल्यांदाच ऐकलं असावं. चार वाजता फोन आला. “पाच मिळाली. एक मेस्त्री, वामन. कुडाळचा शिक्का. वाचू?”

“नको. ज्याचं त्याने ऐकायचं.”

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी स्वतः आणायला गेले. पोस्टकार्ड उघडंच असतं, नजर गेली की वाचलं जातं. म्हणून ते पर्समध्ये उलटं ठेवलं. संध्याकाळी प्राचीला बोलावलं आणि आधी सगळं सांगितलं. ती रडकुंडीला आली. “मॅडम, मी असा कसा पत्ता लिहिला?”

“तू लिहिलास, मी शिक्का मारला. अर्धं अर्धं. रविवारी मीही येते.”

रविवारी पहिल्यांदाच मी त्या फ्लायओव्हरखाली गेले. रोज बसमधून वरून जायचे, खाली कधी बघितलं नव्हतं. पोरं पोहे वाढत होती. वामन पिलरला टेकून बसला होता. बारीक अंगाचा, दाढी वाढलेली, पण शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. प्राची शेजारी बसली. “काका, पत्र आलंय.”

त्याने हात पुढे केला, कार्ड चाचपलं आणि तिला परत दिलं. “वाच.”

प्राचीने वाचलं.

‘चि. वामन यास अक्काचा आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. दोन दिवस उशाला घेऊन झोपले. तू कुठेतरी रस्त्यावर असशील असं मला सारखं वाटायचं. आता पत्त्यात मार्फत प्राची असं वाचलं आणि जीव भांड्यात पडला. प्राची कोण? मुलगी की सून? लग्न केलंस आणि कळवलं नाहीस म्हणून रागावणार होते, पण जाऊ दे. तुझ्या पत्त्यात माणूस आहे, मला एवढं पुरे. आंब्यांच्या दिवसांत ये. तिलाही आण.’

वामन रडला. लपवलं वगैरे काही नाही, चांगला हुंदके देऊन रडला. मग त्याने प्राचीला विचारलं, “आता काय लिवतलंय?”

प्राचीने माझ्याकडे बघितलं. मला आईचा पिठाचा हात आठवला. मी म्हटलं, “आमच्याकडे असं विचारलं की मावशी लिहायचे. तू बघ काय ते.”

तिने बॅगेतून कोरं कार्ड काढलं, मांडीवर ठेवलं आणि लिहायला घेतलं. “मुलगी लिहिलंय काका. चालेल ना?”

त्याने मान हलवली.

“आणि पत्ता या वेळी नवा घालते.”

“नको,” तो लगेच म्हणाला. “तोच असांदे. अक्काक पाठ झालो असतलो.”

आता पाडलेल्या चाळीच्या पत्त्यावर पत्रं यायला लावणं कुठल्या नियमात बसतं? मी प्राचीकडून अर्ज घेतला, तिचं टपाल पोस्टातच ठेवावं म्हणून, आणि निखिलला बजावलं, “चौदा नंबर, खोली सत्तावन्न. शेरा मारायचा नाही. माझ्या टेबलावर.” बावीस कार्डांची शेवटी नऊ उत्तरं आली. दोन गहाळ झाली असावीत, ती माझ्या खाती. बाकीची आलीच नाहीत.

मे महिन्यात प्राची वामनला कुडाळला सोडून आली. दोघं गेली, एक परत आली. अक्काला खरं काय ते दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं. ती म्हणे प्राचीला एवढंच म्हणाली, “मग तुका आंबे कमी देऊ काय?”

मी आता रिटायर आहे. मधे निखिलचा फोन आला होता. “मॅडम, चौदा नंबरला कार्ड आलंय, प्राचीच्या नावाचं.” पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून दाखव म्हटलं. वामन मेस्त्री, वाडी, पोस्ट, तालुका, पिनकोड. मार्फत कुणी नव्हतं.

इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. पिनकोड जरूर घाला. आणि कायमचा पत्ता लिहायच्या आधी, चाळ उभी आहे का, ते एकदा बघून या.