टाकीपुढचं गाऱ्हाणं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला तरी का सांगतोय — कोण जाणे.

माझा मामा कुणकेश्वरचा. जन्म होडीवर गेला, म्हातारपणी साखरेने दोन्ही डोळे नेले. त्याचे वडील वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचे. मामा लहान असतानाच ते गेले. त्या इंजिनाला एकदा हात लावायचा, एवढाच त्याचा धोशा. शहरातल्या रेल्वे म्युझियममध्ये तसली इंजिनं नीटनेटकी करून ठेवलीत, असं मीच फुशारकीने बोलून गेलो. मग न्यावंच लागलं.

सोबत ऑफिसातले दोन मित्र. मामाच्या खांद्यावर पंचा, पिशवीत नारळ, आणि दर डब्यापाशी "ह्या काय रे?" ऊन मरणाचं. मला भूक लागली होती — पण भुकेवर कशाला ढकलू? मला मामाची लाज वाटत होती. लाजेचा राग झाला होता, आणि त्या रागात मजा होती, हो, मजा!

इंजिनं पार पलीकडच्या टोकाला. इथे कॅन्टीनमागे पाण्याची जुनी लोखंडी टाकी आडवी पडलेली. मी मामाचा हात धरून तिच्यावर ठेवला.

"मामा, ह्याच ता इंजिन."

तो हात फिरवत राहिला. "अजून गरम आसा रे झिला!" उन्हाने तापलेली टाकी ती. मित्रांनी तोंडं दाबली, मी डोळा मारला.

तेवढ्यावर थांबलो? छे. मामाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे गाऱ्हाणं एकट्याचं नसतं. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. मी मोबाईलवर शूटिंग करत, बेंबीच्या देठापासून ओरडून होकार भरत होतो. मामाला वाटलं, भाचा भक्तीने म्हणतोय.

"ह्या माझ्या भाच्यान माका बापाशीच्या इंजिनाकडे हाडल्यान, तेचा सगळा बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" — हेही मीच ओरडलो.

परतताना गाडीत आम्ही तो नारळ फोडून खाल्ला. प्रसाद म्हणून मामालाही तुकडा दिला. त्याने तो आधी डोळ्यांना लावला.

मामा अजून आहे. येईल त्याला इंजिनाची गोष्ट सांगतो. मी गेलो की चारचौघांत विचारतो, "गरम होता मां रे?"

मी म्हणतो, "होता, मामा."