कब्रस्तानातल्या प्लॅस्टिकच्या मेखा

पडेगावच्या आमच्या कब्रस्तानाचा उतार पावसाळ्यात सुटायचा. मुरूम घसरून खालच्या रस्त्यावर यायचा, आणि अम्मीची कबर नेमकी कडेच्या रांगेत. कच्ची कबर, दगड नाही की नाव नाही. अब्बांनी हट्टानं तशी ठेवली होती. खूण म्हणून फक्त सब्जाचं रोप, आमच्याकडे कबरीवर लावतात तसं.

यंदा उतार बांधून घ्यायचं ठरलं. टाकाऊ प्लॅस्टिक वितळवून केलेल्या पुरुषभर लांब मेखा मुरुमात ठोकायच्या. दुधाच्या पिशव्या, डबे, फुटक्या बादल्या, सगळं त्यात जातं, असं इंजिनिअर बाईंनी सांगितलं. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणं हा अम्मीचा छंद. माझ्या शर्टाला दोरीवर कधी जागा मिळाली नाही. "तिचाच माल तिच्या कामी आला," अब्बा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

तरी त्यांचा जीव खालीवर होत होता. वरून ठोकत ठोकत माणसं सब्जापाशी आली, तेव्हा अब्बा रोपासमोर फतकल मारून बसले. "इथं नाय ठोकायचं. इथं आमचं माणूस हाय." बाईंनी लगेच काम थांबवलं. जन्मभर ज्याच्या त्याच्याशी भांडणारा माझा बाप इथं तरी जिंकला, म्हणून मला बरं वाटलं.

बाई रोपाजवळ वाकल्या, मग वर बघत म्हणाल्या, "चाचा, हे रोप पहिल्यापासून इथंच होतं का?"

खरी मेख तिथंच होती. रांगेतल्या बाकीच्या पक्क्या कबरी वर, एका ओळीत, आणि आमचा सब्जा ओळ सोडून चांगला चार हात खाली. कडेची वरची माती दर पावसात थोडी थोडी सरकली होती, रोपाला सोबत घेऊन. आम्ही दर जुम्म्याला त्या रोपामागं उतरत गेलो आणि नुसत्या मातीपुढं फातेहा पढत राहिलो. अम्मी होती तिथंच होती, एकटी. मला रडू आवरेना, आणि चिडावं तर कुणावर, तेही कळेना.

ती असायला हवी त्या जागेवर मेखा कालच ठोकून झाल्या होत्या. उपटल्या तर सगळाच उतार खाली येईल, बाई चाचरत म्हणाल्या.

"नका काढू," अब्बा म्हणाले. ते हळूहळू वर चढले. मुरुमाबाहेर राहिलेल्या एका मेखेच्या टोकावर त्यांनी तळवा ठेवला, आणि घरात अम्मीशी बोलायचे तशा आवाजात विचारलं, "तेरे कू लगी तो नै ना?"