सुया बंद

औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा होते. दुकानदाराने त्यांचं नेहमीचं इन्सुलिन काढलं, तर ते हसून म्हणाले, "नको आता. महिन्यात सुया बंद!" आणि त्यांनी एका चूर्णाच्या जाहिरातीचा जपून घडी केलेला कागद उलगडला. ते वाक्य माझं होतं. हाताला काम नव्हतं, म्हणून खोटं आहे हे कळत असूनही मी लिहून दिलं होतं.

"आजोबा, इन्सुलिन सोडू नका. त्या जाहिरातीतलं खोटं आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

मीच लिहिलंय, हे लपवून मी म्हटलं, "कुठंतरी वाचलंय." आजोबा निघून गेले.

पोटासाठी लिहिलेलं वाक्य कुणाच्या घरात जाऊन बसेल, सांगता येत नाही. संध्याकाळी त्याच चूर्णवाल्या कंपनीचा फोन आला. गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात हवी होती. मी विचारलं, "कधीपर्यंत देऊ?"