ताप चालू, अभ्यास बंद

भाद्रपद लागला तशी माझी झोप उडाली. कामशेतच्या बाजारात, तांदळाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझी भाड्याची खोली होती. मावळातल्या तापाच्या एका अभ्यासासाठी मी तिथे राहत होते. भाताच्या बांधावर गवत वाढलं की त्यातले डोळ्यांना न दिसणारे किडे चावतात, चावल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते आणि मग ताप येतो. तो ओळखला तर साध्या गोळ्यांनी उतरतो, नाही ओळखला तर फुफ्फुसापर्यंत जातो. आमच्या भागात तो किती आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधायला सरकारी अनुदान मिळालं होतं.

पहिलं वर्ष तपासणीची किट मागवण्यात आणि गावोगाव बायकांच्या बैठका घेण्यात गेलं. दुसरा हप्ता मात्र पहिल्या वर्षाचा हिशेब दिल्लीत मान्य झाल्याशिवाय सुटत नाही, असा नियम. हिशेब गेला, शंका काढून परत आला, पुन्हा गेला. तेवढ्यात गवत कमरेला लागलं.

मी रोज सकाळी पुण्याला मॅडमना फोन करायची. अभ्यासाच्या प्रमुख त्याच.

"आलं का काही?"

"अगं, आलं की मीच कळवेन ना तुला."

मग मी खाली उतरायची, स्टेशनपर्यंत जाऊन परत यायची. लोणावळ्याला जाऊन उगाच बाजार फिरून यायची. हातात काम नसलं की पाय एका जागी ठरत नाहीत.

एका दुपारी भाजे गावातून फोन आला. बुद्धविहारामागे राहणाऱ्या एक मावशी आमच्या बैठकीला नेमाने यायच्या, त्यांचा.

"ताई, सुनंला लय ताप हाय. उतरंचना. तुमीच म्हनला व्हता ना, लगीच कळवा म्हनून?"

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "नमुने घ्यायची मंजुरी पहिल्या वर्षापुरती होती, ती संपलीय. एकही नमुना घ्यायचा नाही. उद्या काही बिनसलं तर त्या बाईच्या बाजूने उभं राहायला आपल्याकडे कागद नाही."

त्यांचं चुकीचं नव्हतं. तरी मी भाज्याला जायला मळवलीची गाडी पकडली.

मावशी ओट्यावरच उभ्या होत्या. माझे रिकामे हात पाहून म्हणाल्या, "रगत न्हाई घेनार?"

"नाही मावशी. अभ्यास सध्या बंद आहे."

"बंद म्हंजी? ताप तर चालूच हाय की."

मी चपला काढल्या. सून आत गोधडीखाली कुडकुडत होती. मी तिला विचारून कमरेची गाठ सैल केली. नेसणाच्या कडेला, हे किडे बहुधा चावतात तिथेच, काळी खपली होती. तिला दुखतही नव्हती, म्हणून ती कुणाला बोलली नव्हती.

रिक्षाने आम्ही तिघी कामशेतला डॉक्टरांकडे गेलो. ते टायफॉइडचं औषध लिहायला निघाले होते. मी खपली दाखवली.

"याचा रिपोर्ट कुठाय?" त्यांनी विचारलं.

"रिपोर्टचंच काम अडलंय, सर."

त्यांनी चष्मा कपाळावर नेला, खपली पुन्हा जवळून पाहिली आणि गोळ्या बदलल्या. दोन दिवसांत मावशींचा फोन आला. "उठली. भाकर खाल्ली." मला रडूच आलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीतले एक आबा गेले. ताप, मग धाप, मग तळेगावचं हॉस्पिटल. त्यांच्या अंगावर खपली होती का, कुणी पाहिलं नाही. त्यांचं रक्त कुणी ठेवलं नाही. ते कशाने गेले हे आता कधीच सांगता येणार नाही, आणि ते सांगता यावं एवढ्याचसाठी तर मी तिथे होते.

पैसे आले ते पौषात. शेतं कोरडी, गवत कापून रचलेलं, ताप ओसरलेला. सोबत सूचना : मार्चअखेर खर्च करा, नाहीतर परत करा. आम्ही नमुने साठवायचा फ्रीज घेतला. त्यात ठेवायला काही नव्हतं. अहवालात मॅडमनी लिहिलं की नमुने अपुरे, निष्कर्ष काढता येत नाही. तापाच्या अभ्यासांचे हप्ते पावसाळ्याआधी सोडावेत, असंही त्यांनी वर कळवलं. त्यावर उत्तर नाही. पुढचं वर्ष मंजूर झालं नाही.

आता मी लोणावळ्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. सुट्टीच्या दिवशी मावळातल्या डॉक्टरांकडे जाऊन खपलीचे फोटो दाखवते. काही जण बसवून घेतात, काही दारातूनच "नंतर या" म्हणतात. परवा कामशेतच्या त्याच डॉक्टरांचा फोन आला.

"दोघांना खपली सापडलीय. गोळ्या सुरू केल्यात. पण ही नोंद कळवायची कुणाला?"

"बघते, सर," म्हटलं. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला तेव्हापासून फोन लावतेय. अजून कुणी उचललेला नाही.