पाळीचं नेट

खापरच्या रंजनाबाई जेठांशी कधीच बोलल्या नव्हत्या. भांडण नव्हतं, रीत होती. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर डोईवरचा पदर पुढे ओढायचा आणि तोंड मिटायचं. अगदीच काम अडलं तर जेठ ओट्यावर असताना म्हशीला सांगायचं. म्हैस ऐकायची नाही, जेठ ऐकायचे. अशा रीतीनं संसार निभावला, लेक दिपाली पदवीधर झाली, भावाभावांत वाटणी होऊन घराच्या मधोमध भिंतही उभी राहिली.

वाटणीत विहीर सामायिक राहिली. सकाळी थोरल्या मगनभाऊंची मोटार, दुपारनंतर धाकट्या हेमकांतची. पुढे दोघांनी मिळून इंटरनेट घेतलं. त्याचा डबा बसला मगनभाऊंच्या खोलीत, आणि भिंतीला भोक पाडून एक वायर हेमकांतकडे आली. एका विहिरीवर दोन मोटारी चालवल्या की दोन्ही कोरड्या, हे सात पिढ्यांचं शहाणपण. म्हणून नेटलाही पाळी लागली. दुपारी बाराला मगनभाऊ आपली वायर उपसायचे आणि त्याच भोकात भावाची खुपसायचे. डब्याला आणखी तीन भोकं होती, ती शोभेला. वायफाय तर त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करवलं. हवेत सोडलेलं नेट गल्लीनं पिऊन टाकलं असतं ना! दिपालीनं सांगून पाहिलं, दोन्ही कॉम्प्युटर एकदम चालतात. पण विहीर खोदणाऱ्यांना पोरीनं पाणी शिकवायचं म्हणजे काय!

त्या दिवशी दिपालीची मुलाखत होती. घरी बसून करायची नोकरी, शेवटची फेरी. आधीची मुलाखत मोबाईलच्या रेंजवर दिली होती, ती अर्ध्यातच तुटली. कंपनीनं एकदा सांभाळून घेतलं आणि वर बजावलं, आता पुन्हा तुटली तर विषय संपला. वेळ दुपारची, म्हणजे आपल्या पाळीची, म्हणून सगळे निर्धास्त होते. आणि सकाळी फोन आला, साहेबांना दुपारी काम आहे, अकराला बसा.

हेमकांत शेतात, फोन उचलेना. जेठाणी फुलवंताबाई अक्कलकुव्याच्या बाजाराला गेलेली. दिपाली पळत काकांकडे गेली आणि तशीच परत आली. पपईचा ट्रक गुजरातच्या वाटेवर थांबलाय, त्याचं बिल ऑनलाइन बनवतोय, बाराला सोडतो, पाळी म्हणजे पाळी, असं काका मान वर न करता म्हणाले होते. रंजनाबाईंना आधी भीती वाटली आणि मग राग आला. जेठांचा नाही, स्वतःच्या मिटलेल्या तोंडाचा.

"तू कॉम्प्युटरसमोर बस," असं लेकीला सांगून त्या निघाल्या.

जेठांच्या उंबऱ्यावर पाय अडला. सवयीनं नजर म्हशीकडे गेली, पण म्हैस चरायला गेली होती. आत मगनभाऊ पाठमोरे, पडद्यात डोकं घालून बसलेले. पदर पुढे ओढून रंजनाबाई म्हणाल्या, "दादा, दिपालीनी वायर जोडी द्या."

"कोण शे?" मगनभाऊंनी वळूनही न पाहता विचारलं.

हे रंजनाबाईंना फार लागलं. एवढी वर्षं एका छपराखाली काढली आणि या माणसाला आपला आवाज माहीत नाही.

"मी रंजना शे."

मगनभाऊ आता वळले. भूत पाहावं तसं त्यांनी पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. ट्रक खोळंबलाय, वायर काढली तर बिल अर्धवट राहील, असं ते जमिनीला सांगू लागले.

"तुमनी काढू नका," रंजनाबाई म्हणाल्या. "मन्ही दुसरा भोकमा घालस."

उत्तराची वाट न पाहता त्या खाली बसल्या आणि लोंबणारी वायर शेजारच्या भोकात खुपसली. हिरवा दिवा लुकलुकला. भिंतीपलीकडून दिपालीचा इंग्रजी नमस्कार ऐकू आला आणि वायर निसटून बाहेर आली. रोज उपसून खुपसून तिच्या टोकाची चिमटी कधीच मोडली होती. पलीकडे शांतता. रंजनाबाईंनी वायर पुन्हा घातली आणि अंगठ्यानं दाबून धरली. क्षणभर काहीच नाही. मग पोरीचा आवाज आला, थोडा कापरा, पण आला.

अंगठा हलवायची सोय नव्हती. जेठांच्या खुर्चीपाशी, पदर तोंडावर घेऊन त्या उकिडव्या बसून राहिल्या. हात भरून आला. मगनभाऊ श्वास रोखून पडद्याकडे पाहत होते. पाणी आटेल म्हणून वाट पाहत असावेत. ते आटलं नाही. बिल सरकलं आणि निघालं.

बऱ्याच वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, "दोन्ही चालनात."

"पोर पहिलेपाईन सांगी ऱ्हायनी," रंजनाबाई म्हणाल्या. "कोन्ही ऐकं नही."

मोबाईल खिडकीत चार्जिंगला लावून मगनभाऊ खुर्चीवरून उतरले आणि गुडघे धरत जमिनीवर बसले.

"आन इकडे. मी धरस. तू जाय, पोरपाशी बस."

अंगठ्यावर अंगठा येईपर्यंत वायर हलू न देता रंजनाबाईंनी ती सोपवली आणि घरी येऊन लेकीच्या दारामागे उभ्या राहिल्या. दिपाली बोलत होती. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण आवाजातला कापरेपणा गेला होता. तेवढ्यात भिंतीपलीकडे मगनभाऊंचा फोन वाजला. ट्रकवाल्याचाच असणार. तो वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, आणि कुणीही उचलला नाही.