लॉरी चार बोटं वर

आमच्या घरी लॉरी आली ती लढाईतून आली. म्हणजे लढाई संपली, सरकारने लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या आणि आमच्या यजमानांनी घरच्या कापसाच्या धंद्यासाठी त्यातली एक आणली. रंग शेवाळी, चारही चाकांना इंजिनाची ओढ, आणि समोरून पाहिलं तर रागावलेल्या फौजदाराचं तोंड. गावातल्या बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि पुरुषांनी दुसऱ्या दिवसापासून तिच्यातल्या खोडी काढायला घेतल्या. आमच्याकडे बैल घेतला तरी असंच करतात.

मी त्या घरातली एकुलती एक सून. सासर जळगाव जामोदच्या अलीकडे, सपाट काळ्या रानात. माहेर सहा कोसांवर, थेट सातपुड्याच्या पायथ्याशी. मधला रस्ता म्हणजे नुसती गाडीवाट. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. रस्त्यासाठीचे अर्ज नागपूरला जात, आणि तिथलं हवापाणी त्यांना मानवत असावं, कारण परत कोणी येत नसे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला सहावा महिना लागला होता. बाळंतपणाला आईकडे जायचं, ही रीत तर होतीच, पण रीत नसती तरी मला आईकडेच जायचं होतं. अडचण अशी की आदल्या वर्षी त्याच वाटेवर, बैलगाडीतून जाताना, पाचव्या महिन्यात माझं सगळं संपलं होतं. त्यामुळे या वेळी सुईणीने पहिल्याच दिवशी बजावलं, "इले गाडीत बसवसान तं मले बोलावू नका." गाडी म्हणजे बैलगाडी. सासूबाई म्हणाल्या, मग बाळंतपण इथंच करू. मी मान डोलावली आणि चुलीपुढे जाऊन रडून घेतलं. आमच्या यजमानांनी ते पाहिलं. पण त्या काळी घरात चारचौघांत नवरा-बायकोने बोलायची पद्धत नव्हती, आणि आमच्या घरात चारचौघं नाहीत अशी वेळच नसायची.

सासऱ्यांची तर आणखीच तऱ्हा. त्यांना मी मामाजी म्हणे. सुनेशी थेट बोलायचं नाही, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की माझ्यासाठीचं सगळं ते ओसरीच्या खांबाला सांगत. "कोनीतरी पानी आना बाप्पा," खांबाकडे बघून. "लोनचं खारट झालं," तेही खांबाला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, तरी मामाजी मला उद्देशून एक शब्द बोलले नव्हते. खांबाशी मात्र त्यांचं चांगलं जमायचं.

आता लॉरीची गोष्ट. तिचं अंग ज्यावर टेकलेलं असतं त्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी, त्यांना पाटे म्हणत. लष्कराने ते जड ओझ्यासाठी बनवलेले. लॉरी रिकामी असली की पाटे ताठ राहायचे आणि वाटेतलं प्रत्येक ढेकूळ बसणाऱ्याच्या हाडापर्यंत पोचायचं. तीच लॉरी पोत्यांनी भरली की पाटे दबायचे आणि ती झुल्यासारखी मऊ चालायची. पण दबली की दुसरंच दुखणं निघे. पावसाळ्यात बैलगाड्यांच्या चाकांनी वाटेत दोन खोल चाकोऱ्या पडत, मधे मातीचा उंचवटा राही, आणि काळी माती वाळली की तिचा दगड होई. लॉरीच्या पोटाखाली गिअरचा एक मोठा डबा लोंबत असे. भरलेली लॉरी त्या वाटेला गेली की तो डबा उंचवट्यावर टेके आणि बाईसाहेब हलायच्या बंद.

म्हणजे रिकामी नेली तर मला सोसणार नाही, आणि भरून नेली तर माहेरी पोचणार नाही. हे गणित आमच्या यजमानांनी मनात मांडलं आणि एक दिवस सकाळी ओसरीवर विषय काढला. मी आत दाराआड तूर निवडत होते.

"बाबा, लॉरी चार बोटं उचलाव म्हनतो. आस अन् पाट्याच्या मधात बाभळीचे ठोकळे बसवू. म्हनजे भरेल लॉरी पायथ्याच्या गावाईले जाईन."

मामाजींनी पान लावता लावता मान वर केली. "भरून? कापूस तिकून इकडे येते. इकून तिकडे तू काय भरून नेतं बे?"

"सरकी."

"सरकी? अन् थे कोन खाईन? डोंगर?"

ओसरीवर बसलेले चौघे हसले. सरकी ढोरांना घालायची, ती आमच्या बाजूच्या जिनांत, म्हणजे कापसाच्या गिरण्यांत, मिळे, हे खरं. पण पायथ्याच्या गावात वीस पोती सरकी खाईल एवढी ढोरं नव्हती. खरं कारण यजमानांनी बापासमोर सांगायचं कसं? बायकोला माहेरी न्यायचंय, तिला धक्का लागू नये म्हणून पोत्यांचं वजन पाहिजे, हे त्या काळी कोणता मुलगा ओसरीवर बोलेल? दाराआड माझ्या सुपातली तूर तशीच राहिली होती. मला सगळं कळत होतं.

मग आठ दिवस गावात तोच विषय. सुतार म्हणाला, उंच केली तर वळणावर झोक खाईल. जळगावच्या मिस्त्रीने सांगितलं, चार बोटांहून जास्त नको, खालचा फिरता दांडा तिरपा होतो. शेजारच्या काकांचं म्हणणं, सरकारने जेवढी उंच केली तेवढी काही विचार करूनच केली असेल. त्यावर कोणीतरी विचारलं, चार बोटं म्हणजे कोणाची? सुताराची बोटं मुळ्याएवढी आणि यजमानांची शेवग्याच्या शेंगेसारखी. यावर एक अख्खी दुपार गेली. मला मात्र कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय बोलणार होते? पण रागही येत होता. ज्याच्यासाठी मांडव, त्यालाच बाहेर उभं केल्यासारखं.

नवव्या दिवशी मामाजी उठले, पितळी लोटा काठोकाठ पाण्याने भरून घेतला आणि खांबाला म्हणाले, "पाहून येतो." रिकाम्या लॉरीत मागे फळीवर जाऊन बसले, लोटा मांडीवर. दोन कोसांची फेरी मारून परत आले तेव्हा लोट्यात एक चूळ पाणी उरलं नव्हतं आणि धोतर कमरेपासून भिजलं होतं. कोणी हसलं नाही. निदान समोर तरी नाही. मग त्यांनी वीस पोती सरकी भरायला लावली, लोटा पुन्हा भरला आणि पुन्हा गेले. या वेळी लॉरी माहेरच्या वाटेवर दीड कोसावर पोट टेकून बसली. बैलजोड्या लावून ओढून आणली. पण मामाजी उतरले तेव्हा लोटा भरलेला होता.

तो लोटा त्यांनी ओसरीवर सगळ्यांसमोर ठेवला. आता सांगा, कापसाच्या धंद्यात लोट्याचं काय काम? कापसाला धक्के बसले काय आणि न बसले काय! लोटा कोणासाठी ते ओसरीवरच्या प्रत्येकाला कळलं होतं. मामाजी फक्त एवढंच म्हणाले, "बसव ठोकळे."

सुताराने बाभळीचे ठोकळे तासले. पाटे आसाला आवळून धरायला आधीपेक्षा लांब बोल्ट लागणार होते, आणि लढाईनंतरच्या त्या दिवसांत चांगलं लोखंड मिळत नव्हतं. लोहाराने लॉरीभोवती एक चक्कर मारली आणि त्याला पाहिजे तसं लोखंड लॉरीलाच सापडलं. दोन दिवसांत बोल्ट तयार, ठोकळे घट्ट. लॉरी चार बोटं वर आली. सुताराची चार बोटं.

सातवा महिना लागला. ओटी भरून झाली, देवापुढे सुपारी ठेवली आणि मी हिरव्या लुगड्यात दारात आले. लॉरी पोत्यांनी भरून उभी. मी वर पाहिलं. सासूबाईंनी वर पाहिलं. मग सगळ्यांनीच वर पाहिलं. लॉरीत चढायला मागच्या बाजूला एक लोखंडी पायरी होती, शिपायांसाठी. ती दिसेना. लोहार गर्दीत होता, तो हळूच मागे सरकला. पायरीचेच बोल्ट झाले होते!

उंचवटा मोजला, डबा मोजला, पोती मोजली, बोटंसुद्धा मोजली. सातव्या महिन्यातली बाई वर चढणार कशी, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सासूबाईंचा तोफखाना सुरू झाला. "अकलेचे कांदे! पोट्टीले काय दोर लावून चढवता? बादली हाये काय थे विहिरीतली?" यजमान कानकोंडे होऊन चाकाकडे बघत राहिले. मला हसू आवरेना. पोट धरून हसले, आणि सासूबाई आणखी चिडल्या, "हासू नको, पोट दुखीन!"

अखेर लॉरी मागे घेत घेत आमच्या ओट्याला लावली. त्यात एक रांजण फुटला, पण ओटा आणि लॉरीची फळी बरोबर जुळली, आणि मी या खोलीतून त्या खोलीत जावं तशी चालत आत गेले. पोत्यांवर गादी घातली होती. शेजारी सासूबाई, आणि पुढच्या कोपऱ्यात आमच्याकडे पाठ करून मामाजी. मांडीवर लोटा, काठोकाठ.

सहा कोस यजमानांनी लॉरी माणसाच्या चालीने हाकली. आम्हाला मागे टाकून एक बैलगाडीवाला पुढे गेला आणि "ढकलू काय?" विचारून गेला. जिथे रिकामी लॉरी हाडं मोडायची, तिथे ही नुसती डुलत होती. मग ती जागा आली, निंबाच्या झाडाजवळची, आदल्या वर्षीची. मी डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी माझा हात धरला. खाली डबा उंचवट्यावरून खर्रर्र घासत गेला, एकदाच, आणि लॉरी पुढे निघाली. डोळे उघडले तेव्हा मामाजी लोट्यात वाकून बघत होते.

माहेरी सगळी आळी दारात उभी होती. आई भाकरतुकडा आणि पाणी घेऊन पुढे आली, माझ्यावरून ओवाळायला, आणि तिचा हात माझ्या पायापर्यंतसुद्धा पोचेना. आमच्या माहेरच्या घराला ओटा नव्हता. घर चार कुडांचं, दार जमिनीला लागून. मी वर, आई खाली, आणि मधे लष्कराची लॉरी. "अवं, इले उतरवा ना!" आई ओरडली.

मामाजींनी इकडे तिकडे पाहिलं. मग लोटा बाजूला ठेवून खाली उतरले, आणि एक पोतं ओढलं. यजमानांनी दुसरं. खाली चार पोती, त्यावर दोन, त्यावर एक. सरकीच्या पोत्यांचा जिना झाला. मामाजींनी प्रत्येक पोतं पायाने दाबून पाहिलं, हलतंय का म्हणून. त्या घाईत शेवटचं पोतं ओढताना लोटा कलंडला. सहा कोस ज्यातलं थेंबभर पाणी सांडलं नव्हतं, ते सगळं त्यांच्याच डोक्यावर. आळी खो खो हसली.

निथळत्या पटक्याने त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. जवळपास खांब नव्हता.

"उतर माय," ते म्हणाले. "सावकाश. मी हावो खाली."

मी उतरले. दोनच पायऱ्या उतरले असेन, तर आई पोती चढून वर आली आणि तिथेच, मधल्या पोत्यावर, तिने मला कवेत घेतलं. भाकरतुकडा कुठे पडला तो पडलाच.

चहा झाला, निघायची वेळ झाली. यजमान पोती परत लॉरीत चढवायला लागले, तर मामाजींनी हात धरला.

"राहू दे. वरची बी उतरव."

"बाबा, वजन नसलं तं लॉरी लय आदळते. निदान दहा तं घेऊ."

"राहू दे म्हनलं ना. इहीनबाईच्या म्हशीले घाला. बाळंतिनीले दूध पाह्यजे." मग आवाज चढवून, "तू विचारत होता ना, सरकी कोन खाईन?"

खरं तर तो प्रश्न त्यांचाच होता, पण यजमानांनी तसं सांगितलं नाही.

सासूबाईंना पुढे बसवलं. मामाजी मागे, रिकाम्या लॉरीत, उघड्या फळीवर एकटे. लॉरी सुटली आणि पहिल्याच ढेकळाला ते हातभर वर उडाले. एका हाताने पटका धरलेला, दुसऱ्याने फळी. पासष्टीचा माणूस, आणि पुढे अशीच सहा कोस वाट. मी दारात उभी राहून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईला वाटलं माझं पोट दुखतंय.

मुलगी झाली, धडधाकट. म्हशीने त्या हंगामात कधी नव्हे एवढं दूध दिलं. मी परत आले ती त्याच लॉरीतून, बाळ मांडीवर. ओसरीवर मामाजी बसलेले होते. त्यांनी खांबाकडे पाहिलं, मग जरा थांबून माझ्याकडे.

"आन तिले इकडे," ते म्हणाले.